पोपटासारखे बोललेले अकरा जबाब

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या छापून येतंय: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ लहानपणी आजोबांना पेपर वाचून दाखवताना मी ते कितीदा तरी मोठ्याने वाचलं असेल. पुढे फौजदारी कायदा शिकवायला लागलो आणि एक दिवस वर्गात एका मुलीने विचारलं, ‘सर, पण पोपट तर शिकवलेलंच बोलतो ना?’ तेव्हापासून कोठडीतल्या मारहाणीचा विषय निघाला की मी ७/११ च्या लोकल स्फोटांचा खटला पुरा उलगडून सांगतो. तो माझ्या रोजच्या गाडीचा खटला आहे.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. मी मागून येणाऱ्या एका स्लो गाडीत होतो. गाडी थांबली, पंखे बंद पडले, कुणाचाच फोन लागेना. अर्ध्या-पाऊण तासाने आम्ही खाली उड्या टाकल्या आणि रुळांच्या कडेने चालू लागलो. रुळांलगतच्या झोपड्यांतली पोरं घरातल्या चादरींची झोळी करून माणसं वाहून नेत होती. एका चादरीवर निळी फुलं होती. ज्यांनी हे केलं त्यांना टायरात घालून फोडायचं का, असं त्या रात्री कुणी विचारलं असतं, तर मी हो म्हणालो असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं मी त्या माझ्याच ‘हो’शी भांडत लिहितोय.

तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. २० जुलैपासून अटका सुरू झाल्या आणि शेवटी तेरा जण खटल्याला उभे राहिले. आता इथे कायद्याचा एक सांधा नीट समजून घ्यावा लागतो, कारण सगळं प्रकरण त्या सांध्यावर फिरतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हा नियम इंग्रजांनी केला. स्वतःच्या हाताखालचे पोलिस कबुली कशी काढतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून केला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. पण १९९९ च्या मोक्का कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याच्या, कलम १८ ने त्याला एक खिडकी पाडली: अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब ग्राह्य. मुंबईत त्याचा अर्थ पोलिस उपायुक्त. शिवाय मोक्का लागला की पोलिस कोठडीची मुदत पंधरा दिवसांऐवजी तीस दिवसांपर्यंत जाते.

मोक्का लागला २४ सप्टेंबर २००६ ला. सर्वांत आधी पकडलेली माणसं तोवर दोन महिन्यांहून अधिक काळ पोलिसांच्या ताब्यात होती. एवढ्या दिवसांत त्यांच्यापैकी कुणालाही पश्चात्ताप होऊन कबुली द्यावीशी वाटली नव्हती. कायद्यात खिडकी उघडली आणि ऑक्टोबरमध्ये वेगवेगळ्या उपायुक्तांपुढे एकामागून एक कबुलीजबाब नोंदले गेले. अकरा. नोव्हेंबरमध्ये हीच माणसं न्यायालयीन कोठडीत गेली, म्हणजे पोलिसांच्या हाताखालून बाहेर पडली, आणि त्यांनी जबाब नाकारले: आम्हाला मारलं, छळलं, सह्या करून घेतल्या. वर्गात मी फळ्यावर एवढ्याच तारखा लिहितो. बाकी काही सांगायच्या आधी मुलं एकमेकांकडे बघायला लागतात.

कलम १८ ने खिडकीला गज लावले नव्हते असं नाही. जबाब मोकळ्या वातावरणात घ्यायचा. तू कबुली द्यायला बांधील नाहीस आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे आधी समजावायचं. स्वेच्छेची खात्री पटल्याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहायचं. मग आरोपीला विनाविलंब मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं आणि त्याने छळाची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणीला पाठवायचं. कागदावर हे चोख आहे. पण ज्या माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढून पुन्हा त्याच कोठडीत जायचंय, तो तिथे तोंड कशाला उघडेल? मागे तेच शिपाई उभे, खाली तीच गाडी.

२०१५ च्या सप्टेंबरमध्ये विशेष न्यायालयाने कबुलीजबाब मानले. बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा निर्दोष ठरला, नऊ वर्षं तुरुंगात काढून. त्या दिवशी डब्यात पेढे वाटले गेले. मीही एक घेतला.

पुढची दहा वर्षं अपील चाललं. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. सहाशेहून अधिक पानांचं निकालपत्र आहे. ज्याला कोठडीतल्या मारहाणीचं समर्थन करायचंय त्याने निदान कबुलीजबाबांवरचा भाग वाचावा. न्यायालय म्हणतं की कबुली काढण्यासाठी छळ झाला हे दाखवण्यात आरोपी यशस्वी झाले. केईएम आणि भाभा रुग्णालयांच्या वैद्यकीय नोंदी त्यांच्या म्हणण्याला आधार देतात. मोक्का लावायला दिलेली पूर्वपरवानगी यांत्रिकपणे दिलेली दिसते. उपायुक्तांच्या प्रमाणपत्रांत आणि कार्यपद्धतीत उणिवा आहेत. आणि सर्वांत बोलकी गोष्ट अशी की हे जबाब अपूर्ण आहेत, खरे वाटत नाहीत, कारण त्यांतले काही भाग एकसारखे आहेत, एकावरून दुसऱ्यात उतरवल्यासारखे.

वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांपुढे बसलेली, आणि मजकूर तोच. माझ्या विद्यार्थिनीचा पोपट इथे भेटतो.

कबुलीजबाब बाजूला केल्यावर खाली काय उरलं? चर्चगेटपर्यंत आरोपींना सोडल्याचं सांगणारे टॅक्सीचालक, जे शंभराहून अधिक दिवस गप्प होते. एवढ्या दिवसांनी एका भाड्याचा चेहरा त्यांना का लक्षात राहावा, याचं कारण न्यायालयाला दिसलं नाही. ओळख परेड, जी घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता. जप्त केलेले सर्किट बोर्ड, सोल्डरिंग गन, स्फोटकं, नकाशे. पण स्फोटात नेमका कोणत्या प्रकारचा बाँब वापरला हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही, मग सोल्डरिंग गन कशाला जोडायची? जप्त मालाची मोहोरबंदी आणि साठवणही धड नव्हती. आम्ही वर्षानुवर्षं ऐकलेलं प्रेशर कुकरचं चित्र, गोवंडीतल्या खोलीत बसून भरलेले कुकर, तेही या प्रकरणात पुराव्याने उभं राहिलं नाही.

कबुली हाताशी आली की तपास तिथेच झोपतो, हे माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं आहे. मारहाण चूक आहे कारण ती क्रूर आहे, हे तर खरंच; समोर बांधलेल्या, एकट्या माणसाला सरकारने पगारी हातांनी वेदना देणं मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. पण ज्यांना हे भाबडं वाटतं त्यांच्यासाठी दुसरं कारण आहे. ‘अतिरेक्याला मारलं तर काय बिघडलं’ या वाक्यात तो अतिरेकी आहे हे आधीच धरून चाललेलं असतं. खरा आहे की नाही ते ज्या तपासातून कळायचं, तो तपासच मारहाण गिळून टाकते. मार खाणारा दोषी असो वा निर्दोष, एका मर्यादेनंतर दोघेही तेच बोलतात. पुढे कुणालाच, अगदी मारणाऱ्यालाही, दोघांतला फरक सांगता येत नाही.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे संशयित पकडले. त्यांतल्या एकाच्या कबुलीजबाबात लोकलचे स्फोट आमच्या गटाने केले असं आलं. पुढे न्यायालयात तोही फिरला. म्हणजे एकाच राज्याच्या पोलिसांच्या दोन शाखांकडे एकाच गुन्ह्याचे दोन कबुली देणारे संच, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नाही. दुसरं उदाहरण मालेगावचं. ८ सप्टेंबर २००६ च्या तिथल्या स्फोटांत याच दहशतवादविरोधी पथकाने, याच मोक्काखाली, कबुलीजबाबांच्या जोरावर माणसं पकडली. त्यांत लोकल खटल्यातलेही दोघे होते. नंतर राष्ट्रीय तपास यंत्रणेचा तपास वेगळ्याच लोकांकडे गेला आणि पहिल्या आरोपींना एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त फौजदार राहतात. संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात. लोकल खटल्याशी त्यांचा संबंध नव्हता. निकालाच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, साहेब, तुमचं काय म्हणणं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सर, तुम्हाला खोटं सांगत नाही. साखळीचोराला दोन फटके दिले की साखळी कुठल्या सोनाराकडे विकली ते कळतं. माल मिळतो. बाईला तिचं मंगळसूत्र परत मिळतं. तिला विचारा, मारणं बरोबर का चूक.’ मी म्हटलं, आणि साखळी त्याने चोरलेलीच नसली तर? ‘तर माल मिळत नाही. मग कळतं, हा तो नव्हे.’ आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हणाले, ‘कटात काय माल मिळणार? कटात नावं मिळतात. नाव तर कुणाचंही घेता येतं.’

त्यांच्या त्या वाक्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. साखळीचोराबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही, ‘हा तो नव्हे’ हे कळेपर्यंत त्या पोराच्या तळपायांचं काय झालं ते ते सांगत नाहीत. पण कटाच्या गुन्ह्यात मारहाण का आंधळी असते हे त्यांच्याइतकं थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही.

वर्गात दरवर्षी येणारा दुसरा प्रश्न बाँबचा. बाँब ठेवलेला आहे, घड्याळ चाललंय, पकडलेल्याला जागा माहीत आहे, मग? मी आधी एवढंच विचारतो की ऑक्टोबर २००६ मध्ये कुठलं घड्याळ चाललं होतं? गाड्या जुलैत उडाल्या होत्या. ते जबाब कुणाचा जीव वाचवायला घेतलेले नव्हते, खटल्याच्या फाइलमध्ये लावायला घेतलेले होते. बाँबच्या गोष्टीतून मिळवलेली परवानगी दरवेळी अशीच फाइलसाठी खर्च होते.

तरी घड्याळ खरोखर चालू असल्याचं एक प्रकरण आहे आणि ते टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. सप्टेंबर २००२, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. एका बँकर घराण्यातल्या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं, दहा लाख युरोंची खंडणी मागितली गेली. माग्नुस गेफगेन हा कायद्याचाच विद्यार्थी खंडणी उचलताना पोलिसांनी डोळ्यांनी पाहिला. चुकीचा माणूस पकडल्याची शंका नव्हती. मुलगा जिवंत असेल, उपाशी कुठेतरी कोंडलेला असेल, या आशेवर १ ऑक्टोबरच्या सकाळी शहराचे उपपोलिसप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हुकूम दिला: बोलला नाहीस तर असह्य वेदना दिल्या जातील, अशी धमकी द्या. दहाएक मिनिटांत गेफगेनने जागा सांगितली. तळ्याकाठी मुलाचा मृतदेह मिळाला. त्याला अपहरणाच्या दिवशीच मारलेलं होतं.

डाश्नर यांनी आपण काय हुकूम दिला ते स्वतः फाइलमध्ये लिहून ठेवलं. त्यावरून त्यांच्यावर खटला झाला. २० डिसेंबर २००४ ला ते आणि प्रत्यक्ष धमकी देणारा अधिकारी दोघेही दोषी ठरले. दंड ठरला, पण तो राखून ठेवला; परिस्थिती पाहून शिक्षा अगदी हलकी, पण दोष पक्का. धमकीने मिळालेली विधानं खटल्यात बाद झाली. गेफगेनने भर न्यायालयात नव्याने कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली. जून २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने सांगितलं की ती धमकीसुद्धा अमानुष वागणूक होती आणि या मनाईला अपवाद नाही, मुलाचा जीव टांगलेला असला तरी.

मला डाश्नर यांच्याबद्दल आदर वाटतो, आणि ते दोषी ठरले हे योग्यच झालं असंही वाटतं. मुलासाठी कायदा मोडावासा वाटला तर मोडा, पण मोडला म्हणून लिहा, सही करा आणि पिंजऱ्यात उभे राहा. आपल्याकडच्या कुठल्या स्टेशन डायरीत अशी नोंद सापडेल? आपल्याकडे आरोपी कोठडीत पाय घसरून पडतो, भिंतीवर स्वतःच डोकं आपटतो. छळाला आधीच परवानगी देणारा कायदा आणला तर डाश्नरसारखी सही कुणी करणार नाही, सगळे त्या कायद्याच्या कलमाआड उभे राहतील.

आता कुणी म्हणेल, मार दिल्याशिवाय अतिरेक्याला शिक्षाच होत नाही. मुंबईतच याचं उत्तर आहे. २६/११ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत अजमल कसाबला जिवंत धरू दिलं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचा कबुलीजबाब घेतला तो पोलिसांनी नव्हे, महानगर दंडाधिकाऱ्यांनी. त्याला विचार करायला वेळ दिला, पोलिसांच्या ताब्यातून बाजूला ठेवलं, परिणाम समजावून सांगितले. शिवाय प्रत्यक्षदर्शी होते, सीसीटीव्ही होता, सीएसटीवर काढलेली छायाचित्रं होती. कबुली पूर्ण काढून टाकली असती तरी खटला उभा राहिला असता. २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती दिली गेली. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं, तेही शेवटपर्यंत टिकलं. रंगेहाथ सापडलेला माणूस आणि सात गाड्यांत पिशव्या ठेवून पसार झालेली माणसं, यांची तुलना सरळ होत नाही हे मला मान्य आहे. दुसरं काम कितीतरी कठीण. कठीण होतं म्हणूनच तिथे टॅक्सीवाल्यांना तिसऱ्या दिवशी विचारायला हवं होतं, मोबाइल कॉलच्या नोंदी न्यायालयापुढे आणायला हव्या होत्या, रुळांवरून उचललेला प्रत्येक तुकडा मोहोरबंद हवा होता.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. २०१० मध्ये सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. २०२० मध्ये पोलिस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० चं छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं.

उच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य सरकार तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ ला त्या न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना परत तुरुंगात आणायची गरज नाही, पण मोक्काच्या इतर खटल्यांत हा निकाल दाखला म्हणून वापरता येणार नाही. अंतिम शब्द त्या न्यायालयाचा. फाशीची शिक्षा सुनावलेल्या पाचांपैकी एकाला मात्र कुठलाच शब्द ऐकायला मिळणार नाही. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात तो कोविडने वारला आणि चार वर्षांनी निर्दोष ठरला. आणि स्फोटातला एक जखमी तरुण नऊ वर्षं अंथरुणाला खिळून, शिक्षा सुनावली जायच्या आधीच गेला. या दोघांच्या घरच्यांना मी एकाच ओळीत ठेवतोय म्हणून काही वाचकांना राग येईल. पण एकोणीस वर्षांनी दोन्ही घरांना मिळालेलं उत्तर सारखंच आहे.

२१ जुलैच्या संध्याकाळी मी चर्चगेटहून बोरिवली फास्टमध्ये होतो. डब्यात जो तो मोबाइलवर बातमी वाचत होता. ‘हे सुटलेच कसे’ यावर दादरपर्यंत जोरात वाद चालला. मग माझ्यासमोर उभा असलेला, २००६ मध्ये जेमतेम शाळेत असेल अशा वयाचा एक मुलगा वरच्या रॅककडे बघत म्हणाला, ‘म्हणजे पिशव्या ठेवल्या कुणी, ते अजून कुणालाच माहीत नाही?’ कुणी उत्तर दिलं नाही. त्याने आपली बॅग रॅकवरून काढली आणि पायांत धरली.